सेल्समध्ये जायचंय? मग कॉलेज असं निवडा

मार्केटिंग घेऊन एमबीए करणाऱ्या मुलांना प्रवेशाच्या वेळी एक गोष्ट कुणी सांगत नाही. त्यातल्या बहुतेकांची पहिली नोकरी सेल्सची असते. मुलं ब्रँड, जाहिरात, डिजिटल असं काहीबाही डोक्यात ठेवून येतात आणि दोन वर्षांनी लातूर किंवा बेळगाव हेडक्वार्टर, म्हणजे कामाचं ठाणं, घेऊन दुकानं फिरू लागतात. मग कुणी सहा महिन्यांत सोडून जातं, कुणी घरी सांगायला लाजतं. मला याचं फार वाईट वाटतं. विक्री हे डोक्याचं आणि इभ्रतीचं काम आहे. ते ठरवून निवडलं आणि त्याला साजेसं शिक्षण घेतलं, तर साध्या घरातला मुलगा किंवा मुलगी पस्तिशीच्या आत अख्ख्या राज्याचा धंदा सांभाळू शकते.

मी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीची कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागातली विक्री बघते. नवे सेल्स ऑफिसर घेताना मुलाखतीला मी स्वतः बसते. कुठल्या कॉलेजची मुलं काय शिकून येतात आणि काय न शिकताच येतात, हे त्या टेबलावर लख्ख दिसतं. त्यावरूनच हे लिहिते आहे, आणि माझ्यासमोर आहेत ती तालुक्याच्या गावात बी.कॉम., बी.एस्सी. करून ‘आता पुढे काय’ म्हणून बसलेली मुलं.

आधी माल ठरवा, मग कॉलेज

‘सेल्स’ म्हणजे एकच काम नाही. बिस्किटं विकणं वेगळं, औषधं विकणं वेगळं आणि पंप विकणं त्याहून वेगळं.

शेतीमाल आणि निविष्ठांमध्ये जायचं असेल, म्हणजे बियाणं, खतं, कीटकनाशकं, तर बी.एस्सी. ॲग्रीला तोड नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या आपल्या चार कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांतली मुलं या कंपन्यांना आधी हवी असतात. कारण सरळ आहे. शेतकरी खिशातून द्राक्षाचं पान काढून समोर धरतो आणि विचारतो, ‘हे काय पडलंय सांगा.’ तुम्हाला करपा आणि भुरी यातला फरक कळत नसेल, तर बोलणं तिथंच संपतं, मग तुमचं प्रेझेंटेशन कितीही देखणं असो. पदवीनंतर पुढे शिकायचं असेल तर हैदराबादच्या ‘मॅनेज’चा आणि पुण्याच्या वैकुंठ मेहता संस्थेचा ॲग्री-बिझनेस मॅनेजमेंटचा कोर्स जरूर बघा. साध्या एमबीएपेक्षा या क्षेत्रात त्याला वजन आहे.

औषधांसाठी बी.फार्म. किंवा बी.एस्सी. घ्या आणि एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून लागा. तिथं एरिया मॅनेजर बहुधा एमआरमधूनच वर येतात. बारावीनंतर लगेच बीबीए करून औषध कंपनीत शिरायचा बेत असेल, तर तो आताच बदललेला बरा. पंप, कॉम्प्रेसर, बेअरिंग, केबल अशा मालासाठी इंजिनीअरिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री लागते. तिथं गिऱ्हाईक म्हणजे कारखान्याचा परचेस मॅनेजर. तो ड्रॉइंग पुढे ठेवतो आणि एक ऑर्डर पक्की व्हायला महिनोन्महिने जातात.

किराणा माल, पेयं, साबण, रंग, बँका, विमा इथं मात्र पदवी कुठली याला फार महत्त्व नाही. बी.ए. मराठी केलेला मुलगासुद्धा उत्तम सेल्स ऑफिसर होतो. एमबीएचं कॉलेज कुठलं, हा प्रश्न खऱ्या अर्थानं इथं येतो. पुढचं सगळं मुख्यतः या मुलांसाठी.

एमबीए, एमएमएस, पीजीडीएम

यावर फार वेळ घालवू नका. पुण्यात, कोल्हापुरात एमबीए म्हणतात, मुंबई विद्यापीठात एमएमएस. स्वतंत्र संस्थांना पदवी देता येत नाही, म्हणून त्या पीजीडीएम देतात. पीजीडीएम घेताना एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. पुढे पीएच.डी. किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल, तर एआयूची, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघाची, समकक्षता आहे का, तेही बघा. सेल्सच्या मुलाखतीत ही नावं पाहून कुणी उमेदवार घेत नाही की नाकारत नाही.

चर्चगेटचं जमनालाल बजाज, तिथलंच सिडनहॅमचं सिमस्री, पुणे विद्यापीठाचं पुंबा ही राज्याच्या सीईटी प्रवेशपरीक्षेतून मिळणारी, तुलनेनं कमी फीची आणि मोठ्या कंपन्या कॅम्पसवर येणारी नावं आहेत. एस. पी. जैन, नरसी मोनजी, सिम्बायोसिस यांच्या परीक्षा आणि फी दोन्ही वेगळ्या. यातलं काही मिळत असेल आणि पैशाची सोय होत असेल, तर बिनघोर जा. पण जमनालालला ९९ पर्सेंटाइलच्याही बरंच वर लागतं. राज्यातली बहुसंख्य मुलं त्याखालच्या शेकडो कॉलेजांतून निवडतात, आणि खरी फसगत तिथंच होते. इमारत काचेची, बस एसी, माहितीपुस्तकात कंपन्यांचे चाळीस लोगो. यातल्या कशावरूनही तिथली मुलं बाजारात उतरतात की नाही, ते कळत नाही.

लायब्ररीत जा आणि प्रोजेक्टच्या फायली मागा

कॉलेज बघायला गेलात की ॲडमिशन ऑफिसमध्ये पाच मिनिटं बसा आणि सरळ लायब्ररीकडे वळा. पहिल्या वर्षानंतर मुलं साधारण आठ आठवड्यांचं समर इंटर्नशिप करतात आणि त्याचा अहवाल बांधून कॉलेजला देतात. काळ्या किंवा निळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या त्या फायली कपाटात रचलेल्या असतात. काही ठिकाणी आता त्या कॉम्प्युटरवर मिळतात. मागच्या दोन वर्षांच्या, मार्केटिंगवाल्या मुलांच्या फायली मागा. ‘प्रवेश घ्यायचा विचार आहे, बघू द्याल का?’ एवढं म्हटलं की पुरतं. बघू देत नसतील, तर तेही उत्तरच आहे.

काय बघायचं? एक फाइल अशी असते: शीर्षक ‘अमुक कंपनीच्या ग्राहकांच्या समाधानाचा अभ्यास’, शंभर जणांची प्रश्नावली, प्रत्येक पानावर एक रंगीत पाय चार्ट आणि खाली ‘६२ टक्के लोक समाधानी आहेत’. शेजारची फाइल उघडा. कंपनी दुसरी, बाकी सगळं तेच, कधीकधी टक्केसुद्धा तेच. अशा दहा फायली सलग निघाल्या, तर त्या कॉलेजनं मुलांना घरी बसून इंटर्नशिप करू दिली आहे.

दुसऱ्या तऱ्हेची फाइल क्वचित सापडते, पण ओळखू येते. तिच्यात दुकानांची यादी असते. गणपती पेठेतलं हे दुकान, लक्ष्मीपुरीतलं ते. प्रत्येकापुढे माल किती ठेवलाय, कुठल्या फळीवर, प्रतिस्पर्ध्याची स्कीम काय, उधारी किती दिवसांची, सेल्समन आठवड्यातून किती वेळा येतो. त्या फायलीचं इंग्रजी मोडकंतोडकं असेल, चार्ट वाकडे असतील. असू देत. ज्या कपाटात अशा चार फायली निघतील, त्या कॉलेजात विक्री शिकवणारा कुणीतरी माणूस आहे. त्याचं नाव फायलीच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून असतं. त्याला भेटून या.

भेटल्यावर विचारा, ‘सर, तुम्ही स्वतः टार्गेट उचललंय का?’ प्रश्न उद्धट वाटेल म्हणून घाबरू नका. ज्यानं उचललंय तो खुशीनं सांगतो. आणि दुसरं, ‘सेल्स अँड डिस्ट्रिब्युशन’ हा विषय यंदा वर्गात शिकवला का? अभ्यासक्रमात पर्यायी विषय भरपूर छापलेले असतात. पुरेशी मुलं झाली नाहीत किंवा शिकवणारा नसला, की त्यातले निम्मे कागदावरच राहतात.

कॉलेज कुठं आहे याकडेही बघा. शहरापासून लांब माळावर कॅम्पस, संध्याकाळी सहाला शेवटची बस, मग मुलं बाजारात जाणार कधी? कोल्हापूरची सायबर ही व्यवस्थापन संस्था किंवा शिवाजी विद्यापीठाचा एमबीए विभाग यांचा मला दिसणारा मोठा फायदा हाच, की घाऊक बाजार रिक्षाच्या अंतरावर आहे. पेठेत उभं राहून तासभर नुसतं बघितलं, तरी डिस्ट्रिब्युशनचा अर्धा धडा होतो.

मी मुलाखतीत काय विचारते

हे मुद्दाम सांगते, म्हणजे कॉलेजनं तुम्हाला काय शिकवायला हवं, ते कळेल.

मी कोरा कागद पुढे सरकवते आणि गणित घालते. डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे कंपनीचा माल घेऊन दुकानांना पोचवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याचे, १० लाख गुंतलेत: ५ लाखांचा माल गोदामात, ४ लाख बाजारात उधार, १ लाखाचे क्लेम, म्हणजे कंपनीकडून परत मिळायचे पैसे, अडकलेले. महिन्याची विक्री २० लाख, मार्जिन ५ टक्के. गाडी, ड्रायव्हर, दोन सेल्समन, गोदामाचं भाडं धरून खर्च ७० हजार. या माणसाला वर्षाला गुंतवणुकीवर किती टक्के सुटतात?

१ लाख मार्जिन, खर्च जाऊन ३० हजार, म्हणजे महिन्याला ३ टक्के आणि वर्षाला ३६. सातवीतलं गणित आहे. तरीही पुष्कळ मुलं अडतात, कारण डिस्ट्रिब्युटर स्वतःचे पैसे घालून धंदा करतो, हेच त्यांना वर्गात कुणी सांगितलेलं नसतं. मग पुढचा प्रश्न: बाजारातली उधारी ४ लाखांवरून ७ लाखांवर गेली आणि विक्री तेवढीच राहिली तर? गुंतवणूक १३ लाख झाली, ३६ टक्क्यांचे २८ च्या आत आले. आता हा माणूस तुमचा नवा माल घेईल का? नसेल घेत, तर तुम्ही आधी काय कराल, नवी स्कीम द्याल की उधारी वसूल करायला त्याच्या सेल्समनबरोबर फिराल?

‘उधारी आधी’ असं ज्याच्या तोंडून आपसूक निघतं, त्याला मी घेते. प्रायमरी (कंपनी ते डिस्ट्रिब्युटर) आणि सेकंडरी (डिस्ट्रिब्युटर ते दुकान) विक्रीतला फरक, बीट प्लॅन (कुठल्या दिवशी कुठली दुकानं करायची ते), महिनाअखेरीला माल कोंबल्यानं पुढच्या महिन्यात काय होतं, एक्सपायरी माल परत घेण्याची भांडणं: जे कॉलेज हे शिकवतं, ते तुमचं कॉलेज. सोबत एक्सेल आणि चार ओळींचा स्वच्छ इंग्रजी मेल लिहिता यायला हवा. आपली मुलं इंग्रजी बोलण्याला फार भितात. बाजारात मराठी, हिंदी आणि सीमाभागात थोडं कानडी चालतं. अडतं ते लिहिण्यापाशी. कॉलेज त्यावर मेहनत घेतं का, ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.

पॅकेजचा आकडा

‘सरासरी पॅकेज ७.९ लाख’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. पाच मुलं धरा: ४, ४, ४.५, ५ आणि २२ लाख. सरासरी ७.९ येते. मधल्या मुलाला मिळाले साडेचार. तुम्हाला हवा तो हा मधला आकडा.

तो मिळवायची एक चांगली जागा आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था आपली माहिती सरकारला देतात आणि ती स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवतात. किती मुलं दाखल झाली, किती उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यम पगार किती, हे त्यात वर्षवार असतं. क्रमांक कितवा आला, ते सोडून द्या. हा तक्ता उघडा आणि माहितीपुस्तकाशेजारी ठेवून वाचा.

मग लिंक्डइनवर जा. कॉलेजचं नाव टाका आणि दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं शोधा. आत्ता लागलेली नकोत; ती अजून उत्साहात असतात. सेल्समध्ये असलेल्या सात-आठ जणांना साधा निरोप पाठवा. कॉलेजनं दिलेली पहिली नोकरी कुठली होती? पदाचं नाव काय आणि रोजचं काम काय? हेडक्वार्टर कुठलं मिळालं? पगारात पक्का भाग किती आणि इन्सेंटिव्ह किती? तुमच्याबरोबर लागलेल्यांपैकी आज तिथं कितीजण आहेत? निम्मी मुलं उत्तरं देतात, आणि खरी देतात.

पदाच्या नावाला भुलू नका. ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ म्हणून घेऊन दिवसभर कर्जासाठी फोन करायला बसवलेली मुलं माझ्याकडे नोकरी मागायला येतात. त्या कॉलेजांच्या यादीत ती ‘प्लेस्ड’ असतात. आणि ६ लाखांच्या पॅकेजमधले सव्वा लाख टार्गेट पुरं झालं तरच मिळणार असतील, तर तुमचा हिशेब पावणेपाचाचा आहे. त्यातही कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते. उलट, प्रवासभत्ता आणि मुक्कामाचा भत्ता पॅकेजबाहेर आणि वेळेवर मिळतो का, हे सेल्सवाल्यानं आधी विचारावं. भत्त्याची बिलं दोन महिने अडकली की पेट्रोल स्वतःच्या खिशातून जातं.

फी

कॉलेज सांगेल ती फी धरू नका. राज्यातल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती संकेतस्थळावर कॉलेजवार दिलेली असते. त्यावर कॉलेज काय काय लावतं, ते लेखी मागा: हॉस्टेल, मेस, लॅपटॉप, ‘इंडस्ट्रियल टूर’, जादा सर्टिफिकेट कोर्स.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती माहीत नसलेली घरं अजूनही भेटतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, झाला असेल, तर निम्मी ट्यूशन फी शासन देतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फीची पूर्ण माफी आहे. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की हे सगळं गेलं. म्हणून ‘कशाला फेऱ्यांची वाट बघता, आत्ताच सीट बुक करा’ असं सांगणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

कर्ज काढणार असाल तर हप्ता आधी मांडा. १० लाख, १० टक्के व्याज, सात वर्षं: महिन्याला साधारण १६,६०० रुपये, आणि शिकतानाचं व्याज वेगळं. साडेचार लाखांच्या नोकरीत परगावी खोली घेऊन हा हप्ता फेडणं किती जड जातं, ते मी माझ्या टीममधल्या मुलांच्या चेहऱ्यावर बघते. कॅपमधलं जवळचं, दोन-अडीच लाखांतलं कॉलेज आणि बाजारात घातलेले दिवस, ही जोडी मला सेल्ससाठी कितीतरी शहाणपणाची वाटते.

मुलींसाठी

या, जरूर या. पण कॉलेज निवडताना विचारा, की फील्ड सेल्समध्ये गेलेल्या तुमच्या मुली कोण, आणि त्यांच्याशी बोलू द्याल का? कित्येक कॉलेजं मुलींना परस्पर एचआर किंवा बॅक ऑफिसच्या मुलाखतींना वळवतात, त्यांना न विचारताच. माझ्या टीममध्ये आलेल्या एका मुलीला पहिल्या महिन्यात डिस्ट्रिब्युटर विचारायचा, ‘ताई, साहेब कधी येणार?’ तिनं त्याचे आधीपासून लटकलेले क्लेम एकेक कागद जोडून मंजूर करून आणले. नंतर तो साहेबांना फोनच करेना. असं काम शिकवणारं कॉलेज मुलींना हवं. हेडक्वार्टर, मुक्कामाच्या रात्री, बाजारातली स्वच्छतागृहं हे अडचणीचे प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरं हे काम करणाऱ्या मुलींकडूनच मिळतील.

फॉर्म भरण्याआधीचा आठवडा

सीईटी झाली आणि निकालाला वेळ आहे, अशा दिवसांत एक आठवडा काढा. गावातल्या कुठल्याही डिस्ट्रिब्युटरकडे जाऊन सांगा, की मला तुमच्या सेल्समनबरोबर फिरायचंय, पैसे नकोत. बहुतेक हो म्हणतात. सकाळी नऊला गोदामावर हजर राहा, त्याच्या गाडीवर मागे बसा, दिवसाची तीस-चाळीस दुकानं बघा. कुठल्या दुकानदाराशी तो आधी घरचं बोलतो, कुठं थेट ऑर्डर घेतो, कुठं उधारीसाठी थांबून राहतो, ते रोज संध्याकाळी वहीत लिहा. पाय दुखतील. पण ‘उद्या त्या कोपऱ्यावरच्या दुकानात काय बोलू’ असं रात्री आपोआप डोक्यात येऊ लागलं, तर सेल्स तुमच्यासाठी आहे. नाही आलं, तर फायनान्स किंवा एचआर घ्या. दोन वर्षं आणि फी वाचली.

मग कॅपचा पर्याय-अर्ज भरा. ज्यांच्या लायब्ररीत दुकानांची यादी असलेल्या फायली सापडल्या आणि ज्यांच्या जुन्या मुलांनी बरं सांगितलं, ती कॉलेजं वर, तुमच्या पसंतीच्या खऱ्या क्रमानं. ‘एवढ्या मार्कांत कुठं मिळणार’ म्हणून चांगलं कॉलेज खाली ढकलू नका. क्रम पसंतीचा लावायचा, शक्यतेचा नाही. पण पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं, तर पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. त्यामुळे तिथं स्वतः जाऊन न पाहिलेलं नाव लिहू नका. अर्ज शेवटच्या रात्री भरायचा नाही, आणि सायबर कॅफेवाल्याला तर भरूच द्यायचा नाही. कॉलेजचा कोड स्वतः दोनदा ताडून बघा. एकाच संस्थेची सारख्या नावाची दोन कॉलेजं पुष्कळ ठिकाणी आहेत.